मागच्या शीटसाठी तीन गावं

लोक केरळला जाऊन येतात आणि लिहितात, काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात. मी सेलू, पूर्णा आणि बोरीला जाऊन आले. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. तिन्ही ठिकाणी आम्ही बघायला काय गेलो होतो, तर मोटारसायकल. त्यातही मला बघायची होती फक्त मागची अर्धी.

झालं असं, की दिवाळीच्या आधी माझ्या पाठीनं दगा दिला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि मणक्यात गॅप आहे म्हणाले. ऑपरेशनची गरज नव्हती. पण गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसायचं नाही, त्यानं कंबर पिळली जाते, असं त्यांनी बजावून सांगितलं. "दोन्हीकडं पाय टाकून, पाठ ताठ ठेवून बसा. नाहीतर गाडीवर बसूच नका."

मी म्हटलं, नाही बसत. पन्नाशी ओलांडलेली, साडी नेसणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मी बाई. पुरुषासारखी टांग टाकून बसू? माझ्या शाळेतली पोरं गडाबडा लोळून हसतील. पंजाबी ड्रेस घाला म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. बाकीच्या बायका घालतात, छान दिसतात. मला मात्र त्यात अर्धवट कपडे बदलून बाहेर आल्यासारखं वाटतं. इलाज नाही.

यात नुसती माझ्या हट्टाचीच गोष्ट असती तर मी लिहिलंही नसतं. पण माझी माय बोरीच्या पलीकडं शेतातल्या घरी राहते, त्याला आमच्याकडं आखाडा म्हणतात. वडील गेले, भाऊ गावात राहायला आला, पण ही शेळ्या सोडून हलत नाही. एसटी बोरीला सोडते आणि पुढं नुसती गाडीवाट. ऑटोवाला तिथं यायला तयार नाही, आणि तो आला तरी माझा मणका यायला तयार नाही. आधी दर रविवारी आम्ही जुन्या गाडीवर जायचो. दिवाळीपासून ते बंद पडलं. फोनवर माय ओरडून आपलं तेवढं सांगते आणि सांगून झालं की ठेवून देते. तीही आमच्याकडं येत नाही. एसटीत तिला उलट्या होतात आणि मोटारसायकलवर "पडंन की गं" म्हणून बसत नाही. आम्ही परभणीत घर बांधलं, बुद्धवंदना घेऊन घरात आलो, सगळा गोतावळा जमला, पण माय नव्हती. तिनं आमचं घर बघितलेलंच नव्हतं.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सगळ्या गोष्टींवर उपाय असतो असं त्यांचं ठाम मत. जुनी गाडी तशीही म्हातारी झाली होती. "एकांगी बसून पाठ दुखणार न्हाई अशी गाडी कुठंतरी असंलच," ते म्हणाले, आणि शोध सुरू झाला.

पहिल्यांदा परभणीतल्याच एका शोरूममध्ये गेलो. तिथला पोरगा पिकअप सांगत होता, अ‍ॅव्हरेज सांगत होता. मी विचारलं, "मागं बसल्यावर कसं वाटतं?" तो म्हणाला, "मॅडम, मागचं कुणी विचारतच नाही." मी यांच्याकडं बघितलं. हे बाहेर पडले.

"शोरूममधली गाडी म्हंजी मांडवातली नवरी," रस्त्यावर आल्यावर हे म्हणाले. "समद्याच चांगल्या दिसतात. गाडी बघावी वापरातली, पाव्हण्याची." आमच्याकडं ही रीतच आहे. गाय, गाडी आणि जावई, तिन्हीची चौकशी पाव्हण्यारावळ्यांत करायची. शाळेला जोडून सुट्ट्या आल्या होत्या, थंडी होती. आम्ही निघालो.

सेलू

सेलूला रेल्वेनं गेलो. स्टेशनवर दाजी घ्यायला आलेले. दाजी म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीचे मालक. सेलूत जानेवारीत उतरलं की पहिल्यांदा कापूस दिसतो. टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तारांवर, बाभळींना लागलेला, गटारीतसुद्धा. वन्संनी धपाटे केले होते. आम्ही परभणीत धपाट्यात मेथी घालतो, त्या कांद्याची पात घालतात, आणि वर दह्यात कालवलेला ठेचा. मी तीन खाल्ले. पाठीला पथ्य होतं, तोंडाला नव्हतं.

दाजींची गाडी जड, काळी, धडधडणारी. "ह्याच्यावर बसलं की माणूस खानदानी दिसतो बघा," दाजी म्हणाले. हे गाडीभोवती फिरले, मागच्या शीटवर तळहात दाबून बघितला आणि मग आत जाऊन सरकी पेंडीचं पोतं घेऊन आले.

"ह्ये कशाला?"

"मागं वजन पाहिजे ना. आधी पोतं फिरवून बघतो. काही झालंच तर तुझ्या पाठीला नको."

काळजी माझीच होती, हे कळत होतं. पण नवऱ्यानं आपल्या जागी पेंडीचं पोतं दोरीनं बांधावं आणि नणंदेनं ते उभं राहून बघावं, यात माझा मान कुठं राहिला? वन्सं पदर तोंडाला लावून हसत होत्या. हे कापसाच्या जिनिंग मिलपर्यंत फेरी मारून आले आणि म्हणाले, "पोतं जागचं हललं न्हाई."

मग मी बसले, नेहमीसारखी एकांगी. शीट रुंद होती, साडीगार्ड मोठं, पाय ठेवायला चांगली पट्टी. मनात म्हटलं, जमलं. पण गाडी सुरू झाली आणि ती धडधड खालून थेट माकडहाडात शिरली. चौकापर्यंत दात दाबून धरले. जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्यांची रांग होती, तिथं मी यांच्या पाठीवर थापट मारली. "थांबवा! थांबवा म्हणते ना!"

उतरून कमरेवर हात ठेवून उभी राहिले. वाऱ्यावरचा कापूस येऊन केसांत बसत होता.

"पोत्याला तर काही झालं न्हाई," हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग पोत्यासंगंच संसार करा की."

कापसाच्या ट्रॉलीवर बसलेला एक शेतकरी खदखदा हसला. "मामा, बरोबर बोलायल्यात मामी." यांनी गाडी वळवली आणि घरापर्यंत चालत, ढकलत आणली. माझ्याबरोबर चालायचं म्हणून. ती गाडी ढकलणं म्हणजे रेडा ओढणं, पण बसले नाहीत. तेवढ्यासाठी मी पोतं माफ केलं.

दाजी मात्र रुसले. आमच्याकडं पाव्हण्याच्या गाडीला नाव ठेवणं म्हणजे पाव्हण्यालाच नाव ठेवणं. सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, "गाडीत खोट न्हाई वैनी. खोट तुमच्या मणक्यात हाय." खरंच होतं ते.

पूर्णा

पूर्णेला माझा मावसभाऊ प्रकाश रेल्वेत आहे. क्वार्टरच्या दारात जय भीम झाला आणि त्याच्या बायकोनं लगेच सुशीला समोर ठेवली. परक्या वाचकांनी घाबरू नये. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना दिलेली फोडणी, वर डाळव्याची पूड आणि कोथिंबीर. पुण्याकडं पोह्यांचं जे कौतुक आहे ते आमच्याकडं हिचं. सेलूला वन्संच्या घरी सगळं शांतपणे चालतं, पूर्णेत आगगाडीच्या शिट्टीवर. प्रकाश बोलता बोलता मध्येच थांबतो, शिट्टी ऐकतो, गाडीचं नाव सांगतो आणि पुढचं वाक्य बोलतो.

त्याची मोटारसायकल उंच, शेपूट वर केलेली. पुढच्याची जागा ऐसपैस आणि मागची पाटाएवढीच, तीही माळ्यावर टाकल्यासारखी. "शॉकअप एक नंबर हाय ताई," प्रकाश म्हणाला. "खड्डा कळतच न्हाई."

पोतं शोधायला हे आत वळले तेव्हा प्रकाशची बायको यांना ठणकावून म्हणाली, "दाजी, गव्हाला हात लावायचा न्हाई." मग यांनी गॅसचं रिकामं सिलिंडर बांधलं. पेंडीपासून लोखंडापर्यंत माझी बढती झाली होती.

मला बसवायला घरातला स्टूल बाहेर आला. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. एकीनं स्टूल धरला, प्रकाशनं गाडी धरली, मी वर चढले. आणि खरं सांगते, प्रकाश खोटं बोलला नव्हता. गचका म्हणून लागला नाही. नदीकडच्या रस्त्याला लागलो, डावीकडं हरभरा, उजवीकडं ऊस, वारा गार. फक्त यांनी ब्रेक दाबला की मी उतारावरून घसरल्यासारखी यांच्या पाठीवर जायची आणि कमरेला पीळ पडायचा. ब्रेक कमी दाबा म्हटलं. "मग थांबू कसं?" म्हणाले.

पुलाशी नदी बघायला थांबलो. तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की स्टूल घरी राहिला आहे.

मला खाली उतरता येईना. उडी मारायची तर मणका, आणि यांनी धरायचं तर गाडी कोण धरणार? मी वर बसलेली, हे खाली गाडी धरून उभे, आणि मेंढरं घेऊन चाललेली एक बाई काठीवर हनुवटी टेकून आमची मजा बघत उभी राहिली.

"बाई, टांग टाकून बसला असता तर अशी वेळ आली असती का?" तिनं विचारलं.

"आमच्यात बसत न्हाईत तसं."

"आमच्यात बी न्हाई बसत. पर आमी गाडीवर बी न्हाई बसत." असं म्हणून तिनंच काठीनं पुलाचा कठडा दाखवला. यांनी गाडी कठड्याला लावली, मी आधी कठड्यावर पाय दिला आणि तिच्या खांद्याला धरून खाली आले. तिच्या घोंगडीला मेंढरांचा आणि धुराचा वास येत होता. ती गेली तरी मी तिथंच कठड्यावर बसून राहिले आणि मला रडू आलं. नदीचं पाणी छान होतं, पण मी ते बघितलंच नाही.

"तुमी घ्या तुमाला पाहिजे ती," मी म्हटलं. "माझ्यासाठी नका बघू आता. मी काही मागं बसत न्हाई."

संध्याकाळी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा समोरच्या रुळांकडं बघत हे म्हणाले, "येकट्याला मला गाडी कशाला पाहिजे? मागून कुणी 'हळू चालवा' म्हणणार नसंल तर मी चाललोय कुठं?" एवढंच. मग उठून शेंगदाणे आणायला गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकं सरळ हे कधी बोलले नव्हते. बोरी एक राहिली आहे, तिथं जाऊन येऊ, असं मीच म्हटलं.

बोरी

बोरीला एसटीनं गेलो. झरी हे गाव मागं पडलं की मला मायच्या घरचा वास यायला लागतो. इतरांना तो तुरीच्या तुराट्यांचा वाटेल. गावात माझ्या भावाचं, सुभाषचं घर आहे. त्याची मोटारसायकल अगदी साधी. लांब सपाट शीट, हँडल जरा वर घेतलेलं, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून पोचे पडलेले. दिसायला काहीच नाही. सुभाषला लाजच वाटत होती. "ही काय बघायची गाडी हाय व्हय दाजी? ही तर गाढव हाय, काम करती."

मी शीटवर हात दाबला. मऊ, पण बसकी नाही. उंची माझ्या कमरेच्या खालीच. पण एकांगी बसले की कंबर पिळणारच, हे आता मला कळून चुकलं होतं. दोष गाडीचा नव्हता आणि जगातली कुठलीच गाडी तो काढू शकणार नव्हती. हेसुद्धा पोतं शोधायला उठले नाहीत.

माझी भावजय रेखा अंगणात कपडे काढत होती. मायचे कपडे सुभाष आखाड्यावरून आणतो आणि ही धुते. रेखानं मायचं लुगडं दोरीवरून ओढलं आणि दोन्ही हात पसरून घडी घालायला लागली, तरी लुगडं संपेना. नऊवार. मी ते बघत होते आणि बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माय या लुगड्यात झाडावर चढायची. बैलगाडी हाकायची. मांड्या फाकून मळणीच्या खळ्यावर बसायची. तिला कुणी निर्लज्ज म्हटलं नाही. काष्टा घातला की बाई मोकळी. ही पाचवारी गोल साडी पायाला गुंडाळून घेतली ती आम्ही शिकलेल्यांनी.

"रेखा, ते घडी नको घालू. मला नेसव."

"ताई, येडं लागलं का तुमाला?"

"लागलं. नेसव."

मला काष्टा येत नव्हता, ही खरी शरमेची गोष्ट. रेखाला येत होता, कारण मायला ताप आला की तीच नेसवते. तिनं मला गरागरा फिरवलं, मागून काष्टा ओढून खोचला आणि पोटावर थाप मारून "चला" म्हणाली. बाहेर आले तेव्हा पोटऱ्यांना गार वारा लागत होता. सुभाषनं भिंतीकडं तोंड केलं, खांदे हलत होते. हे बघतच राहिले.

"आधी पोतं बांधू का?" त्यांनी विचारलं.

"बसा गुमान पुढं."

मी त्यांच्या खांद्याला धरून टांग टाकली आणि बसले. दोन्ही पाय दोन्हीकडं, पाठ ताठ. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा समोरचा रस्ता बघत चालले होते. आतापर्यंत मी परभणी जिल्हा सगळा डाव्या बाजूनं बघितला आहे. पारावरचे म्हातारे बोलायचे थांबले. एकानं विचारलं, "बाई, कुस्तीला चाललाव का?" "व्हय, तुमच्यासंगंच," मी म्हटलं. पार हसला. सुभाष शेजाऱ्याच्या गाडीवर आमच्या मागून येत होता.

गाडीवाटेला लागलो. दोन्हीकडं ज्वारी, मध्ये करडई, काळ्या मातीत चाकोऱ्या पडलेल्या. मी श्वास धरून बसले होते. पहिली चाकोरी गेली, दुसरी गेली. पाठ गप्प. ओढ्यात गाडी उतरली, चढली. पाठ गप्प. "दुखायलंय का?" यांनी मान न वळवता विचारलं. "हळू चालवा," मी म्हटलं, आणि यांनी चक्क शिट्टी वाजवायला सुरुवात केली.

माय आखाड्यासमोर शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं कपाळावर हात धरून बघितलं. "कोण हाय ती बाई?" असं सुभाषला ओरडून विचारलं. मग ओळखलं. हातातला पाला टाकून आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोटं कडाकडा मोडली. किती वाळली होती! मी तिच्या खांद्यावर डोकं टाकून लहान पोरीसारखी रडले. कुणी बघतंय याची मला पर्वा नव्हती. ती मात्र रडता रडता माझा काष्टा चाचपत होती. "कुणी खोचलाय असा सैल?" म्हणाली, आणि एका झटक्यात घट्ट करून दिला.

सुभाषनं हुरडा भाजला. गरम गोवऱ्यांतून कणसं काढायची, हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायची. माय खात नव्हती, गाडीकडं बघत होती.

"अशी टांग टाकून बसल्यावर पडत न्हाई व्हय?"

"न्हाई मामी," हे म्हणाले. "घोड्यावर बसल्यावाणी."

"मग इतकी वर्सं तुमी समदे मला एकांगीच का बसवायला बघत होताव?"

तिची भीती तीच, माझा हट्ट तोच, आणि कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही की हिच्या अंगावर तर काष्टाच आहे. ती उठली, हात झटकले. सुभाष "माय, राहू दे" म्हणेपर्यंत ती गाडीवर बसलीसुद्धा. यांनी तिला वावराच्या कडेनं फिरवून आणलं, अगदी चालीनं. परत येऊन गाडी थांबली, पण माय उतरेना.

"उतरा मामी."

"परभणीला ह्याच वाटंनं जात्यात ना?"

"व्हय."

"मग चला. शेळ्या सुभाष बांधंल."

आम्ही सगळ्यांनी समजावलं. तिनं कुणाचं ऐकलं नाही. पुन्हा धीर होईल न होईल, म्हणाली. यांनी तिला बोरीत सोडलं आणि मला घ्यायला परत आले. बोरीतून माय आणि हे पुढं गाडीवर गेली, माय रेखाचं स्वेटर घालून, थांबत थांबत. मी लुगडं नेसूनच एसटीच्या फाट्यावर उभी राहिले. मागची शीट माझ्यासाठी शोधत होतो, आणि माझाच नंबर गेला. मला त्याचं इतकं सुख झालं की कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं तेव्हा मी "माझ्या घरी" म्हटलं.

गाडी आम्ही पुढं तसलीच घेतली, नवी. रंग यांनी निवडला, त्यावर मी बोलणार नाही.

त्या दिवशी एसटीला उशीर झाला. घरी पोचले तेव्हा अंधारून येत होतं. सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले. हे चहा टाकत होते. माय बाहेर पायरीवर बसली होती, पाय चोळत.

"किती येळ लावलास गं," ती म्हणाली. "मी समदं घर बघून आले. मोरी बघितली, गच्ची बघितली." मग जरा थांबून, परक्याच्या घरी विचारावं तसं हळू आवाजात तिनं विचारलं, "माझं हातरूण कुठं टाकू?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि तिचा हात धरून आतल्या खोलीकडं बोट दाखवलं.